शांताताईचा ओव्याचा काढा

मित्रहो, आज लोधीखेड्याच्या बाजारात शांताताई भेटली. मी सरळ तिच्या पाया पडलो.

ऐंशीच्या दशकात ती बाळंतपणासाठी सावरगावला माहेरी, आमच्या शेजारी आली होती. तेव्हा आमची एकुलती एक मेंढी हरभऱ्याचा कोवळा पाला खाऊन फुगली, धापा टाकू लागली. आई रडून राहिली होती. शांताताईनं स्वतःसाठी केलेला ओव्याचा काढाच पुढे केला. "माह्यासाठी मंग करू. आधी तिले पाज."

आईनं त्यात जवसाचं तेल घालून पाजला. संध्याकाळी मेंढी रवंथ करू लागली. पुढे आई तिला धान्याच्या भरड्यात ओवा मिसळूनच चारायची.

आज ताई म्हणाली, "एवढ्याशा काढ्यासाठी पाया पडते का कोणी?"

"ताई, त्याच मेंढीपासून आमचा कळप झाला."

तिचे डोळे भरून आले. तुमच्याही आयुष्यात अशी शांताताई असेल; तिच्या एवढ्याशा मदतीनं काय घडलं, हे तुम्ही तिला सांगितलंत का?