पाटीवरचा वकील

आमच्या रस्त्याला एका वकिलाचं नाव आहे. हॅमिल्टनबाहेर घर घेतलं तेव्हा कोपऱ्यावरच्या माहितीफलकावर त्याची हकीगत वाचली आणि माणूस आवडूनच गेला. आयर्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातला, राणीच्या काळात बोटीने आलेला. खोगिरांच्या दुकानावरच्या खोलीत वकिली सुरू केली, पुढे निवडून आला, मंत्री झाला. मीही वकीलच. पुण्याच्या कोर्टात काळा कोट झिजवला, इथे येऊन चाळिशीत पुन्हा परीक्षा दिल्या, आणि आता ‘ते रापा’ नावाच्या उपनगरातल्या एका ऑफिसात लोकांच्या घरखरेदीची कागदपत्रं करतो. कामावर जाताना पाटीकडे बघून मनात म्हणायचो, वकीलसाहेब, तुम्हाला बरं जमलं.

मलाही जमेल असं आमच्या मराठी मंडळातल्या डॉक्टरकाकांना वाटलं. काका हॉस्पिटलमधून रिटायर झालेले, मंडळाचा सगळा कारभार त्यांच्याच हाती. "आपला एक माणूस आत हवा," म्हणत त्यांनी मला स्थानिक बोर्डाच्या निवडणुकीला उभं केलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं ते हेच. मी चढलो, निवडून आलो, आणि उतरायला शिडी कोणी ठेवलीच नव्हती.

वर्षभर खड्डे, बाकं आणि कुत्र्यांची घाण एवढेच विषय होते. मग आमच्या रस्त्याचं नाव बदलावं असा अर्ज आला. अर्ज शेजारच्या बाईंचा.

बाई माओरी, सत्तरीच्या पुढच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आम्ही राहायला आल्यापासून कुंपणावरून आम्हाला पुहा देतात. पुहा म्हणजे इथली रानभाजी. बायको ती लसूण घालून परतते आणि वाटीभर त्यांना पाठवते. त्या वकिलाने मंत्री होताच जो कायदा केला, त्यात बाईंच्या घराण्याची नदीकाठची सगळी जमीन गेली. फलकावर यातलं अक्षरही नव्हतं.

बोर्डातले निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि मधे मी. अध्यक्ष पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझं बरं आहे मेट, तुला इथला इतिहासच नाही." काकांचा फोन आला. "हे बघ, आपण पाहुणे. त्यांच्या भाऊबंदकीत पडू नकोस. दिवाळीला नदीवरचा हॉल त्याच बोर्डाकडे मागायचाय." बायको म्हणाली, "पत्ता बदलायचा म्हणजे बँक, लायसन्स, सगळीकडे नाचावं लागणार. पण त्यांच्या घरचं खातो आपण." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इतका राग आला मला, काकांचा, अध्यक्षांचा, बाईंचासुद्धा. रस्त्याला झाडाचं नाव द्यायला काय झालं होतं?

एका संध्याकाळी बाईंनी कुंपणापाशी गाठलंच. "किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "तू काय करणार आहेस?"

"माझा नाइलाज आहे," मी म्हणालो. "मी इथे नवा आहे. माझे हात बांधलेले आहेत."

बाईंनी पुहाची जुडी माझ्या हातात दिली आणि त्या आत गेल्या.

शेवटी वकिली कामाला आली. ज्या विषयात सभासदाचा हितसंबंध असेल, त्या विषयाच्या वेळी त्याने तसं सांगून बाहेर जायचं, असा नियम आहे. मी त्याच रस्त्यावर राहतो! नियम इतका ताणला जात नव्हता, पण ताणायला शिकलो नाही तर वकील कशाला झालो? अध्यक्षांना आधीच कळवून टाकलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

सभेत आधी लोकांनी बोलायचं असतं. बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं कायद्यावर बोलतील, त्या जेवणावर बोलल्या. तो वकील गावात नवा होता तेव्हा त्यांच्या पूर्वजांकडे जेवायचा. नदीतले ईल मासे आणि पुहा. त्याला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा पहिली कामं त्यांच्याच लोकांनी दिली. कायदा येतोय असं कळल्यावर ते मंत्र्याच्या दारात गेले.

"तो म्हणाला, मी इथे नवा आहे, माझे हात बांधलेले आहेत. आमच्या घरात पोराटोरांना हे वाक्य पाठ आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी कानशिलं तापली. म्हणजे त्या दिवशी कुंपणापाशी त्यांनी हे ऐकलं होतं, आणि तरी भाजी दिली होती.

"कोणाला बाहेर जायचंय का?" अध्यक्षांनी विचारलं आणि माझ्याकडे बघून दाराकडे मान हलवली. दार उघडंच होतं. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण पाय उचलेनात.

"मी त्या रस्त्यावर राहतो," मी म्हणालो, "आणि मी बसतोय."

माझ्या एका मताने नाव गेलं. सभा संपल्यावर निम्मे सभासद माझ्याशी न बोलता निघून गेले, आणि काकांनी फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कुंपणापाशी होत्या, हातात पुहाची जुडी. आभारबिभार काही नाही.

"नदीवरचा तुमचा तो दिवाळीचा हॉल," त्या म्हणाल्या, "त्याच्याखालची जमीन आमची. ती परत मिळावी म्हणून आता अर्ज करतेय. आणि आता तू नवा नाहीस."

त्यांनी जुडी पुढे केली. मी घेतली.