प्रार्थना आणि प्लास्टिकची पिशवी

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत सगळ्या मंडळीसमोर उभं राहून मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, की महिनाभरात कंपनीच्या बसमधल्या एका तरी माणसाला प्रभूबद्दल सांगीन. पाळकसाहेब खूश. म्हणाले, महिनाअखेरीला साक्ष द्या, काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगा. झालं! कुणी विचारलं होतं का मला?

निगडीहून चाकणला जायचं म्हणजे ट्रॅफिकच्या कृपेने बोलायला वेळच वेळ. माझ्या शेजारी वायरिंगच्या लाइनवरच्या लातूरकडच्या मावशी. खिडकीशी त्या, कडेला मी, हे पहिल्यापासून ठरलेलं. बाई सोन्यासारखी, म्हणून येशूची सुवार्ता त्यांनाच सांगायची ठरवली. पण असलं काही तोंडातून पटकन निघतं थोडंच? आधी थोडं बळ मागावं म्हणून मी डोळे मिटले, हात जोडून पोटाशी धरले आणि ओठातल्या ओठात प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली आणि मी कण्हले.

मावशींनी काय ओळखायचं ते ओळखलं. पोरीला गाडी लागते! आमच्या बसमध्ये गाडी लागणाऱ्याला खिडकी, यावर कुणाची हरकत नसते. मला दंडाला धरून खिडकीशी बसवलं, स्वतः कडेला सरकल्या आणि प्लास्टिकची पिशवी उघडून तयार. मी धीर करून तोंड उघडलं, की पिशवी थेट हनुवटीखाली. पिशवीत तोंड घालून सुवार्ता सांगायची कशी, हे कुठल्याच प्रवचनात कधी ऐकलं नव्हतं.

दोन दिवसांत सगळ्या बसला खबर. मागून आवळासुपारी यायला लागली, पुढून लिंबू. क्वालिटीतल्या एका भाऊंनी माझ्या सीटवर पेपर अंथरला, कारण पेपरवर बसलं की गाडी लागत नाही म्हणे. ड्रायव्हरदादा मोशीला आरशातून विचारायचे, थांबवू का. मी आतून नुसती धुमसत होते. एवढ्या मायेपुढे नाही तरी कसं म्हणणार? आणि खोटं कशाला बोलू, खिडकीचा वाराही आवडायला लागला होता.

असा महिना सरत आला. शेवटचा शनिवार उजाडला, उद्या साक्ष. आज सांगायचंच, नाहीतर मंडळीत नाक कापलं जाणार. डोळे मिटून प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि वळले. मावशी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. माझ्यासाठी महिनाभर जपलेली पिशवी त्यांच्याच तोंडाशी होती.

ड्रायव्हरदादांनी बस बाजूला घेतली. मागच्या बायकांनी सांगितलं तेव्हा कळलं, गाडी खरी मावशींना लागते. म्हणून तर खिडकी त्यांची होती. महिनाभर कडेला बसून सुपारी चघळत त्यांनी कळ काढली, आणि पिशवी मात्र माझ्यापुढे धरली. मला रडूच फुटलं. त्यांची पाठ चोळता चोळता सगळं बोलून गेले.

"मावशी, मला गाडी लागत नाही हो. मी प्रार्थना करत होते. तुम्हाला येशूबद्दल सांगायचं होतं."

मावशींनी चूळ भरली आणि ओढणीने तोंड पुसलं.

"मग सांग की बया," त्या म्हणाल्या. "पर आधी माझी खिडकी दे."