आयची दोन दुखणी

डॉक्टरनं काठीचं टोक माझ्या आयच्या मांडीला लावलं आणि दाबलं.

आय किंचाळली. गाडीचे बैल बिचकले. डॉक्टर हलला नाही. काठी मागं घेतली, कंपाउंडरच्या हातात दिली आणि म्हणाला, "टोक धुऊन आण."

कंपाउंडरनं आमच्यासमोरच फिनेल ओतून ते टोक धुतलं. दोनदा. फडक्यानं पुसलं आणि काठी परत मालकाच्या गुडघ्याशी टेकवून ठेवली.

लढाई संपून मी पलटणीतून घरी आलो, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साताऱ्यात एक धर्मादाय दवाखाना होता. दारावर कोरलेलं होतं, 'सर्व जातींच्या रोग्यांसाठी'. खोटं नव्हतं ते. सर्व जातींचे रोगी यायचे. बाकीचे ओसरीवर बसायचे आणि आम्ही महार अंगणात, उन्हात, गाडीच्या चाकाशी. डॉक्टर ओसरीच्या कडेला आरामखुर्चीत, गाडीपर्यंत काठी पोचेल एवढ्यावर. त्याचं नाव मी घेत नाही. विसरलो म्हणून नव्हे. घेतलं की तोंड कडू होतं म्हणून.

दोन वर्षांमागं, मी ब्रह्मदेशात असताना, आयच्या डाव्या छातीतली गाठ कापली होती. कॅन्सर हा शब्द आमच्या महारवाड्यात कुणाला ठाऊक नव्हता. नुसती 'गाठ' म्हणायचे. जखम भरली आणि आय परत शेतात तण भांगलायला जाऊ लागली. आता मी आलो तर ती अंथरुणाला लागलेली. उजवी मांडी दुखत होती. डावा हात दुखत होता.

गाडीत पडल्या पडल्या तिनं सांगितलं, "डाक्टरसाब, पायाचं दुखनं येगळं हाय आन हाताचं येगळं हाय."

"दोन-दोन?" डॉक्टर म्हणाला. "तुम्हा लोकांना एक दुखणं पुरत नाही वाटतं!"

ओसरीवर त्याचे दोन स्नेही पान खात बसले होते. ते हसले.

मी म्हणालो, "साहेब, तिच्या छातीतली गाठ कापलीय. ते जरा बघता का?"

"कापली म्हणजे गेली. हा वात आहे. तेल लावून मांडी चोळा, चांगला जोर लावून चोळा. आणि चालवा तिला. पडून पडून अंग आखडलंय. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

आणि मी काय म्हणालो? खाकी डगला घातलेला, समुद्र ओलांडून आलेला, बाँबच्या आवाजानं न दचकणारा मी म्हणालो, "व्हय साहेब."

गाडी वेशीबाहेर पडली तशी आय बोलली. "त्याच्या काठीला माझी किळस आली न्हाई रं. त्यालाच आली."

मी तोंड फिरवलं. त्या दिवशी मला डॉक्टरचा राग आला नव्हता. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला कळत असेल.

पलटणीत मी जखमी उचलायच्या तुकडीत होतो. तीन वर्षं. मराठे उचलले, रजपूत उचलले, गोरे उचलले. एक ब्राह्मण कॅप्टन होता, पोटात तुकडा घुसलेला. त्याला मॉर्फियाची सुई मीच टोचली. सुई लागू पडेपर्यंत त्यानं माझं मनगट सोडलं नाही. हात कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. मरताना माणूस फार उदार होतो. लढाई संपली, जगले ते घरी परतले, आणि माझा हात परत महाराचा झाला.

घरी आल्यावर माझी बायको हिरा सासूची मांडी चोळायला बसली. जोर लावून चोळा म्हणाला होता ना. चोळलं की आय दातांत पदर धरायची. दोन दिवसांनी हिरा माझ्यापुढं तेलाची वाटी आपटून म्हणाली, "मी न्हाई चोळनार. चोळल्यानं उतारा पडंना, उलट वाढतंय. तुमी पलटनीत येवढं शिकला म्हनता, मग बघा की!"

तिचं ऐकलं आणि मला एक शिपाई आठवला. त्याच्या दंडातनं गोळी आरपार गेली होती. हाड शाबूत. जखमसुद्धा भरली. तरी हाताला नुसती चादर लागली की गडी ओरडायचा. ओलं फडकं हाताला गुंडाळून बसायचा. बाकीचे म्हणायचे, घरी जायला सोंग करतोय. आमचा मेडिकल साहेब म्हणाला होता, "सोंग नही है. हड्डी का दर्द अलग, नस का दर्द अलग. पूछो, वो खुद बताएगा."

मी आयजवळ बसलो. म्हणालो, "आये, मांडीत कुठं दुखतंय ते बोट लावून दाव."

तिनं एक बोट टेकवलं. अचूक. कमरेच्या खाली, मांडीच्या वरच्या अंगाला. "हितं. हाडाच्या आत. भुंगा लाकूड पोखरतोय तसं. गप पडलं तरी थांबत न्हाई. पर पाय टेकला का जीव जातोय."

"आन हात?"

हातावर तिला एक जागा दाखवता येईना. काखेतनं निघून कोपराच्या आतल्या अंगानं करंगळीपर्यंत तिनं बोट ओढलं. तेही अंगाला न लावता, वरच्या वर. "हितनं हितवर आग. मधीच झटका बसतोय, इंचू मारल्यागत. करंगळी बधिर. मुंग्या. चोळीची बाही लागली तरी सोसत न्हाई."

मी तिच्या पदराचं टोक मांडीवरनं फिरवलं. तिला काही झालं नाही. तेच टोक हातावरनं फिरवलं तर डोळ्यांत पाणी. मग मांडीच्या त्या जागेवर अंगठा हलकाच दाबला. तिनं माझा हात झटकला. हाताच्या हाडावर दाबलं. "तितं न्हाई दुखत. हाडाला काय बी न्हाई झालं." माझी दोन बोटं डाव्या मुठीत धर म्हटलं. तिला धरता येईनात. काल तिच्या हातनं पाण्याचा तांब्या का सांडला, ते मला तेव्हा समजलं.

अर्ध्या तासाचं काम. काठी लागली नाही. आरामखुर्ची लागली नाही. विचारायचं, हात लावायचा, आणि ती बोलत असताना गप्प बसायचं. मी सगळं एका कागदावर उतरवून काढलं, आय बोलली त्याच शब्दांत.

चोळणं मी त्या दिवशीच बंद केलं. पण चालवणं बंद केलं नाही. हे लिहिताना हात थांबतो. मला कळलं होतं की हाडात काहीतरी आहे. मोडायला आलेल्या हाडावर भार देत नाहीत, हेही मला पलटणीनं शिकवलं होतं. तरी डॉक्टर म्हणाला म्हणून मी आयला उठवत राहिलो. माझ्या डोक्यात अजून तो ओसरीवर होता आणि मी अंगणात.

पाचव्या दिवशी सकाळी ती माझ्या खांद्याला धरून उंबऱ्यापर्यंत आली. पाय उचलला. आवाज आला. वाळकं सरपण मोडल्यावर येतो तसा. ती पडली नाही, माझ्या अंगावर लोंबली. म्हणाली, "मोडला रं."

डॉक्टरनं सांगितलं आणि मी मोडला. आम्ही दोघांनी मिळून.

दोन बांबूच्या कांबी घेतल्या, गोधडीच्या चिंध्या गुंडाळल्या आणि उजव्या काखेपासून घोट्यापर्यंत त्या लावून पाय बांधला. हिराला तिच्याजवळ बसवलं आणि कागद खिशात घालून साताऱ्याला चालत गेलो.

डॉक्टर तिथंच. स्नेही तेच. त्यानं कागद घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'भुंगा लाकूड पोखरतोय तसं.' वा! 'इंचू मारल्यागत.' ऐका हो, महारणीला काव्य स्फुरलंय!"

ते पोट धरून हसले. माझ्या आयचं दुखणं त्यांना पानाबरोबर चघळायला झालं.

मी म्हणालो, "साहेब, पाय मोडला तिचा. तुमी चालवा म्हनला म्हनून चालवली."

"पडली असेल कुठंतरी. हाडवैद्याकडं ने."

"फोटो काढाय पायजे हाडाचा. चिठ्ठी द्या. आन कळ थांबाय मॉर्फिया द्या. सुई मी टोचतो. पलटनीत टोचत हुतो."

त्यानं चष्मा काढला. "सुई? तुझ्या हातात? अफूची गोळी दे आणि पडू दे. तुमच्या जातीला दुखणं एवढं जाणवत नाही."

आठवड्यामागं आम्हाला एक दुखणं पुरत नव्हतं. आज आम्हाला दुखतच नव्हतं. एवढा विद्वान माणूस! दोन्ही वाक्यं एकाच तोंडातनं निघाली आणि जीभ एकदाही अडखळली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ह्याला काही कळत नाही. आपण ज्याला भितो, तो अडाणी आहे. धुतलेल्या धोतरातला अडाणी.

मी पायऱ्या चढलो. वर. ओसरीवर. त्याच्या हातातला कागद घेतला. बोटाला बोट लागलं.

"शिवलास मला!" तो एवढ्यानं ओरडला की खुर्ची मागं सरकली.

"व्हय, शिवलो. तुमाला काय बी झालं न्हाई. माझ्या आयला शिवला असता तर तिचा पाय ऱ्हायला असता."

एका स्नेह्यानं पायातली वहाण काढली. कंपाउंडर मागच्या मागं आत पळाला. मी माझ्या चालीनं खाली उतरलो.  पळालो नाही.

दुसऱ्या दिवशी कोरेगाव ठेसनावर आयला खाटेसकट गाडीत घातली आणि सांगलीकडं नेली. तिकडं एका मोठ्या दवाखान्यात एक्सरेचं मशीन होतं, आणि एक म्हातारी डॉक्टरीण होती. बाई काही गोड नव्हती. उशीर का केला म्हणून माझ्यावरच खेकसली. पण तिनं स्टूल ओढलं, खाटेशी बसली आणि आयला विचारलं, "कसं दुखतं?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबली. आय दोन्ही दुखणी बोलली. बाईनं मोडलेल्या जागेला धक्का न लावता दोन्हीकडं हात लावून बघितलं. मग माझा कागद वाचला. हसली नाही.

काळी काच उजेडासमोर धरून तिनं मला दाखवलं. मांडीचं हाड उंदरानं कुरतडल्यासारखं. म्हणाली, "छातीतला आजार इथं हाडात उतरलाय. आणि काखेत वाढून तो हाताच्या नसा दाबतोय. आजार एक, दुखणी दोन. इलाज पण दोन. बरी होणार नाही. मुंबईला किरणांनी हाड शेकतात, त्यानं कळ कमी होते. नेशील?"

आय मधेच बोलली, "मला आता लांब हालवू नगं."

बाईनं पाय वजन लावून सरळ केला आणि नीट बांधून दिला. हातासाठी मानेच्या मुळाशी सुई घातली. आग चार-पाच दिवस विझली, परत आली, पुन्हा सुई. मग तिनं माझ्या हातात मॉर्फियाची पिचकारी दिली आणि म्हणाली, "टोच. मी बघते." मी टोचली. ती म्हणाली, "ठीक." एवढंच. औषध देऊन तिनं सांगितलं, "घड्याळ बघून द्यायचं. ओरडायची वाट बघायची नाही. कूस बदलायच्या आधी अर्धा तास द्यायचं. पोट साफ ठेवायचं, ह्या औषधानं ते बांधून येतं."

घरी मी तसंच केलं. मी पाय धरायचा, हिरानं कंबर, दोघांनी एकदम वळवायचं. डावा हात उशीवर उघडा, वर कापड नाही. मांडीची कळ सुईनं बरीच खाली बसायची. हाताची आग तेवढी ऐकायची नाही, निम्म्यावर यायची. आय म्हणायची, "पाय झोपला. हात जागा हाय." पण ती जेवायची. हिराशी बोलायची. डॉक्टरची खुर्ची कशी मागं सरकली, हे माझ्याकडनं ऐकून त्याची नक्कल करायची. अडीच महिने जगली. गेली तेव्हा ओरडत गेली नाही.

म्हणून मी समाधानी व्हावं, असं वाड्यातले म्हातारे म्हणाले. झालो नाही.

मी साताऱ्याचा तो धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या पंचांना अर्ज लिहिला. डॉक्टरनं हात लावला नाही, काठीनं दाबलं, चालवायला सांगितलं, पाय मोडला. चार ओळी. महिन्यानं बोलावणं आलं. गादीवर पाच पंच, बाजूला डॉक्टर. माझ्या अर्जाबद्दल एक शब्द नाही. पंच म्हणाला, "तू ओसरी विटाळलीस, डॉक्टरांच्या अंगाला हात लावलास. माफी माग, म्हणजे विषय मिटेल. आम्ही कागदावर लिहून घेतो."

माझी आय मेली होती आणि माफी त्यांना हवी होती. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. पाच तोंडं, पाच पगड्या, आणि एकालाही लाज नाही.

मी म्हणालो, "न्हाई मागत. ह्यो डाक्टर माझ्या आयला मोडून बसलाय. आधी ते लिवा. मग त्याच्या खाली लिवा, ह्या महारानं माफी मागितली न्हाई."

त्यांनी दोन्हीतलं काही लिहिलं नाही.

म्हणून मी लिहिलं. डॉक्टरनं माझी आय मोडली. चालवायला हात लावला तो मी, हेही लिहिलं, लपवलं नाही. आता आमच्यातलं कुणी आजारी पडलं की मी बरोबर जातो. रोग्याला हात लावा म्हणतो. नाही लावला तर तिथंच उभा राहतो. वहाण काढतात, पोलीस बोलावतात. बोलावू देत.

मी माफी मागितलेली नाही. मागणार नाही.