वाहोनोची वार

तुकिनेमचं घर अक्षरशः रुळावर होतं. पारकानची रेल्वेगाडी बंद पडून पन्नास वर्षं झालेली. त्या पडीक पट्ट्यावर अख्खी वस्ती उभी राहिली होती. एक रूळ तिच्या चुलीजवळून आरपार गेलेला. त्यावर पाट टाकून ती सोयाबीनच्या टेंपेच्या वड्या तळायची.

वाहोनो जन्मला तेव्हा नवऱ्याने रिवाजाप्रमाणे बाळाची वार धुऊन, मडक्यात घालून दाराच्या उजव्या हाताला पुरली आणि पस्तीस दिवस तिथे दिवा लावला. वार म्हणजे बाळाचं भावंडच. पोर कुठेही गेलं तरी ती त्याला घराकडे ओढून आणते. वाहोनो तेविसाव्या वर्षी मासेमारीच्या जहाजावर गेला. जहाज परतलंच नाही. बापाने हाय खाल्ली आणि तोही गेला. तुकिनेमने मात्र पोराच्या नावाने ना मयताची दुवा मागितली, ना जेवण घातलं. "वार इथे आहे, तो येईल," एवढंच म्हणायची.

गाडी पुन्हा सुरू करायचे बेत दर निवडणुकीला निघायचे नि विरायचे. यंदा मात्र मोजणीवाले खरंच आले आणि भिंतीवर लाल आकडा लिहू लागले. त्यांच्या मेल्या फॉर्मात दारं, खिडक्या, नारळाची झाडंसुद्धा होती.

"लिही पोरी, दारापाशी माझ्या लेकाची वार आहे."

मोजणीची मुलगी म्हाताऱ्या आजीपुढे ओशाळली. "म्बाह, त्याला रकाना नाही हो."

"मग घरं पाडायचं यंत्र आलं की?"

मुलगी पुढच्या दाराकडे वळली.

यंत्राच्या दातात लेक सापडायला नको, म्हणून तुकिनेमने दुसऱ्याच सकाळी खुरपं घेतलं. तिला थोरली बहीण मानणारी शेजारची जुमियाती ओरडली, "यू, अगं हुकूम तरी येऊ दे! यांचा काय भरवसा?" तुकिनेमने ऐकलं नाही. हातभर खाली खापऱ्या लागल्या. आत नुसती माती, भोवतालच्या मातीसारखीच. त्यातली ओंजळभर तिने नव्या मडक्यात भरली.

तीन महिन्यांनी बातमी आली, खर्च झेपत नाही, बेत रद्द. जुमियाती धावतच आली.

"यू, घरं वाचली गं! मी म्हटलं नव्हतं? ठेव तुझी वार परत जागेवर!"

तुकिनेम मडकं मांडीवर घेऊन बसली होती. "त्याची माती कोणती नि बाहेरची कोणती, तेच मला खोदताना कळलं नाही. माझ्या लेकाला मीच उपटलं गं. आता तो कशाच्या ओढीने येईल?"

जुमियाती तिच्याशेजारी टेकली.

दुपारी तुकिनेमने ते मडकं नवऱ्याच्या कबरीशेजारी पुरलं. दिवा लावला नाही. घरी येऊन तिने मोठं पातेलं काढलं, तांदूळ धुतले आणि जुमियातीला हाक मारली. "मशिदीत सांग, संध्याकाळी दुवा मागायला या म्हणावं. जेवण आहे."

"कुणाच्या नावाने गं?"

"वाहोनोच्या," तुकिनेम म्हणाली. "मेलाय तो."