सरव्याचा कापूस

नोकरीतून मी केव्हाच निवृत्त झाले, पण त्या बाईला जीपमध्ये बसवलं ती दुपार काही विसरले नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पोलीस अकादमीतून प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी मला कळंब तालुक्यातल्या एका ठाण्यात पाठवलं होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे ठाण्याची लिखापढीची भाषा मला येत नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत मी फक्त स्टेशन डायरी वाचत होते आणि कमी बोलत होते.

चौथ्या दिवशी एका शेतकऱ्याने फिर्याद दिली. भाव चढेल म्हणून मागच्या खोलीत भरून ठेवलेल्या कापसातली दोन गाठोडी चोरीला गेली होती. दुसऱ्या दिवशी गावातून फोन आला. शेत नसलेल्या एका मजूर बाईच्या घरात कापूस आहे, एवढंच सांगून फोन ठेवला गेला. महिला अधिकारी हवी म्हणून ठाणेदारांनी हवालदारांसोबत मला पाठवलं.

बाईच्या घरात खाटेखाली एक गाठोडं निघालं.

"सरवा होय बाई हा," ती म्हणाली. "वेचणी सरली का झाडाले जे राह्यते ते आमी वेचतो. कोनी ना म्हनत नाई. मले काहून नेता?"

सरवा म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, चोरी पकडली गेली की प्रत्येक जण असंच काहीतरी सांगत असेल. पंचनामा मला लिहायचा होता. ठरलेली वाक्यं येत नव्हती, म्हणून दिसलं ते लिहिलं: पिवळसर रंग, वाळक्या पानांचा चुरा, मधेमधे कडक गोळे. मग चौकशीसाठी तिला जीपमध्ये बसवलं. पारावरची माणसं उठून उभी राहून बघत होती.

ठाण्यात हवालदार माझा पंचनामा वाचून हसले. "म्याडम, कापूस पहिल्यांदाच पाहून राह्यल्या का? मुद्देमाल पांढरा कापूस, एवढं लिवलं का झालं. हे कडक गोळे म्हंजे कवडी होय, शेवटच्या वेचणीत निंगते ते..."

ते मधेच थांबले. ते स्वतः शेतकरी कुटुंबातले होते. "फिर्याद आना बरं."

फिर्यादीत स्पष्ट लिहिलं होतं: पहिल्या वेचणीचा, स्वच्छ कापूस. बाईच्या घरातला कापूस तो नव्हताच.

ठाणेदारांनी दोन्ही कागद वाचले. "बाईला घरी सोडा. आणि आता घरातल्यांना विचारा."

शेतकऱ्याच्या त्या मागच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली बाप आणि मुलगा, दोघांकडेच असायची. मुलाला मी एकच प्रश्न विचारला, कापूस शेवटचा कधी पाहिला? पुढे काय विचारायचं ते मला सुचेना, म्हणून उत्तर लिहायला वही उघडली. तो पोरगा रडायलाच लागला.

"मीच नेला, वणीले. गाडी घ्याची होती. बाबाले नका सांगू."

वणीच्या व्यापाऱ्याने दुजोरा दिला. तो निनावी फोनही मुलानेच केला होता. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. मला मात्र त्याचा आनंद घेता आला नाही.

पुढच्या हंगामात त्याच गावात गेले, तेव्हा ती बाई वेचणीच्या बायांत दिसली नाही. कोणी म्हणालं, तिला आता शेजारच्या गावात कामाला जावं लागतं. सकाळी लवकर निघते, पायी. ती निर्दोष आहे हे गावाला माहीत होतं. तरी ज्याला त्याला ती जीपमधली बाई म्हणूनच आठवायची, आणि तिला कोणी कामाला बोलवत नव्हतं.

त्या दिवशी गाठोडं सोडून कापूस हातात घेऊन कोणालाही विचारलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं. पारावरच्या दहापैकी नऊ जणांनी सांगितलं असतं. मला विचारायची लाज वाटली, आणि त्याची किंमत तिने मोजली. पुढच्या सगळ्या नोकरीत, माल नीट बघून झाल्याशिवाय मी कोणाला गाडीत बसवलं नाही.