बगळ्याचा परवाना

आत्या रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की त्या दिवशी छापायचं चित्र उघडायची आणि मोठं करत न्यायची. इतकं मोठं, की अख्ख्या फुलातली एकच पाकळी पडद्यावर उरायची, मग पाकळीची नुसती कड. चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला टेकेल इतकी पुढे वाकून ती त्या कडेवरचे ठिपके मोजायची. ओठ हलायचे, आवाज नसायचा. तेवढा वेळ तिच्याशी बोलायचं नाही, असा घरातला नियम होता. आतोबा तो रोज मोडायचे.

"झाली का शिरगणती?"

"होत आली होती. आता पुन्हा पहिल्यापासून."

घराच्या मागच्या खोलीत तिचं टी-शर्ट छपाईचं काम चालायचं. चार हातांचं एक यंत्र, भिंतीला टेकवलेल्या जाळीच्या चौकटी आणि शाई पक्की करायची भट्टी. भट्टी तापली की सगळ्या घराला नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा वास यायचा. छापायचं आत्याने, आणि इंटरनेटवर चित्रं शोधायची आतोबांनी, अशी वाटणी आतोबा निवृत्त झाल्यापासून होती. मी एम.ए.ची दोन वर्षं त्यांच्याकडे राहिले. चित्रांच्या अटींची लांबलचक पानं वाचून तिला सोप्या भाषेत सांगणं, हे माझं घरभाडं.

छपाईला लागतात ती व्हेक्टर चित्रं. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांनी ती बांधलेली असतात, म्हणून कितीही ताणली तरी कडा फाटत नाहीत. आत्या तरुणपणी जाड कागदाचे साचे ब्लेडने कापायची, त्यामुळे रेषेची पारख तिच्या बोटांत होती. ती म्हणायची, "ज्याने मनाने काढलंय तो मोजके ठिपके टाकतो. गिरवणाऱ्याचा हात घाबरतो. तो पावलोपावली ठिपका ठेवत जातो."

तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. घरी तिचा विषय निघाला की कोणीतरी बगळा काढतंच.

पोहण्याचा एक क्लब सहा वर्षं तिच्याकडून शर्ट छापून घेत होता. तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्या वर्षी स्पर्धेसाठी त्यांना बगळा हवा होता. दोनशे वीस शर्ट, साठ पोहणाऱ्यांना आणि उरलेले तलावाबाहेर मांडून विकायला. शनिवारी सकाळी द्यायचे होते, आणि छपाईलाच दोन दिवस लागणार होते. आतोबांनी एका फुकट चित्रांच्या साइटवरून बगळा आणला. पंख पसरलेला, चोच वर, फारच देखणा. मंगळवारी सकाळी आत्या मोजायला बसली आणि पहिल्याच पिसावर थांबली.

"अहो, एका पिसाला एक्केचाळीस ठिपके?"

"मेहनती माणूस असेल."

"मशीनने गिरवलेलं आहे हे. ज्याने फुकट ठेवलंय, त्याचं नाहीच हे चित्र."

आतोबांकडे उत्तर तयार होतं. या धंद्यात सगळे म्हणतात तेच. चित्रात तीस टक्के बदल केला की ते आपलं. "मी चोच जरा खाली करतो, एक पाय काढून टाकतो. बगळा असाही एका पायावरच उभा राहतो."

"ते तीस टक्के मोजतं कोण? तुम्ही?" आत्या माझ्याकडे वळली. "तू शोध गं, याची आई कोण ते."

मी चित्र टाकून शोधलं. तासाभराने मूळ बगळा सापडला. चित्रं विकणाऱ्या एका मोठ्या साइटवर, एका चित्रकार बाईच्या नावाखाली, चार वर्षं आधीच्या तारखेचा. आत्याने नमुना मोठा करून पाहिला. त्या पिसाला सातच वळणं होती, म्हणजे ठिपकेही सातच. ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिचा चेहरा कोणी ओळखीचं भेटल्यासारखा झाला.

मग मी अटी वाचल्या. साधा परवाना घेतला तर बगळा शर्टावर छापून वाटता येत होता. शर्ट विकायचे असतील तर विस्तारित परवाना हवा होता, आणि तो चांगलाच महाग होता.

दुपारी क्लबचे कोच सर आले. आत्याने त्यांना सगळं सांगितलं. साठ शर्ट साध्या परवान्यावर होतील, विकायच्या शर्टांसाठी दुसरा परवाना घ्यावा लागेल, नाहीतर दुसरं चित्र बघू.

"ताई, सगळीकडे असंच छापतात. कोण येतंय बघायला?"

"मी बघितलं ना."

सर हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "बरं, मग आम्ही विकतच नाही. देणगी घेऊ आणि शर्ट भेट देऊ."

"देणगी दिली नाही तर भेट द्याल?"

आतोबा उगाचच जाळी पुसायला लागले.

"चौकातला छापणारा शुक्रवारपर्यंत देतो म्हणालाय," सर उठत म्हणाले. त्यात धमकी नव्हती, अडचण होती. पण ते पायऱ्या उतरले तेव्हा खोलीत भट्टीचाही आवाज नको वाटत होता.

"सहा वर्षांचं गिऱ्हाईक," आतोबा म्हणाले. "एका पिसापायी."

"एकवीस पिसं आहेत," आत्या म्हणाली. पण त्या दिवशी तिने चहा केला आणि प्यायला विसरली. संध्याकाळी दोनदा फोन उचलून पाहिला, लागतो की नाही म्हणून.

बुधवारी दुपारी सर परत आले. क्लबच्या लोकांनी बसून ठरवलं होतं, मोठा परवाना घ्यायचा. फक्त एक प्रश्न होता.

"कोणाच्या नावाने घ्यायचा, ताई? तुमच्या की क्लबच्या?"

आतोबांनी तिला डोळ्यांनी खुणावलं. मलाही ते कळलं. परवाना तिच्या नावावर असला, तर बगळ्यासाठी क्लबला दर वर्षी याच खोलीत यावं लागणार होतं. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

"क्लबच्या घ्या," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी कोणाकडूनही छापून घेता येईल."

सर गेल्यावर आतोबांनी हात टेकले. "गिऱ्हाईक ओवाळून द्यायचं राहिलं होतं तेवढं."

"पैसे ते भरणार आणि बगळा मी धरून ठेवू? चला, जाळी भिजवा."

गुरुवार, शुक्रवार आम्ही तिघं उभ्याने जेवलो. शनिवारी सकाळी दोनशे वीस बगळे घडी घालून खोक्यांत बसले.

पुढच्या वर्षी क्लब चौकातल्या दुकानात गेला. तिथे स्वस्त पडत होतं. सरांनी फोन करून सांगितलं, ते सज्जन होते. आत्या "बरं" म्हणाली. आतोबा दोन दिवस काही म्हणाले नाहीत, त्यावरून त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं.

त्यानंतर महिन्याभराने, एम.ए. संपवून गाव सोडलेली मी सुट्टीत आले होते आणि आत्याबरोबर औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढच्या मुलाच्या अंगात नवा शर्ट होता, पाठीवर आमचा बगळा. मला वाटलं, आता ती नाक मुरडणार. तिने चष्मा कपाळावर सरकवला, पुढे वाकली, आणि न विचारता त्या पाठीवरून बोट फिरवलं. मुलगा दचकून वळला.

दोनच दिवसांनी मी परत गेले, आणि पुढच्या आठवड्यात ती गेल्याचा फोन आला. मधे फोनवर आम्ही बोललो असू, पण ते आता आठवत नाही. आठवतं ते रांगेतलं.

"छान आहे रे," ती त्याला म्हणाली. "शाई जरा कच्ची राहिलीय. धुताना उलटा करून धू, आणि चित्रावरून इस्त्री फिरवू नकोस."