बेरिंगची आंघोळ

"आंघोळ केल्याशिवाय कोणी घर सोडायचं नाही," असं म्हणत आमचे मिस्त्री गाडीतून काढलेला जुना पार्ट डिझेलच्या परातीत बुडवायचे आणि दात घासायच्या ब्रशने त्याच्या कानाकोपऱ्यातलं काळं काढत बसायचे.

तुम्ही म्हणाल, भंगारात जाणाऱ्या मालाचे एवढे लाड कशाला? मीही तेच म्हणायचो. काळाचौकीचं गॅरेज वडिलांनंतर माझ्याकडे आलं, ते मिस्त्रींसकट. मी हाफ पँटमध्ये असल्यापासून ते मला ओळखायचे, त्यामुळे हाक "शेठ" अशी आणि पुढचं सगळं अरेतुरे. "शेठ, तू गप बस. लाख किलोमीटर ओढलेत ह्याने. तोंड धुऊन जाऊ दे की!"

यात नुसती माया होती असं मात्र समजू नका. रे रोडचा भंगारवाला तेलकट माल दिसला की वजनातून मळ कापायचा. मिस्त्रींच्या मालात त्याला कापायला काही सापडत नसे. "मिस्त्री, तेरा माल शादी में जा रहा है क्या?" तो वैतागून विचारायचा. "हां. तेरे घर दिया, अब तू संभाल," मिस्त्री म्हणायचे. दर शनिवारी हा तमाशा चालायचा. तो पाहायला मिळावा म्हणून मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचो.

पान्याचा नंबर ते अंगठ्याने वाचायचे. बोल्ट किती सैल आहे ते मान तिसरीकडेच करून सांगायचे. आमचे मिस्त्री डोळे मिटून गाडी खोलतात, अशी शेखी मी गिऱ्हाइकांपुढे मिरवायचो. त्यामागे दुसरं काही असेल, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

एका शनिवारी लालबागचा एक टॅक्सीवाला आला. त्याचं पुढचं चाक घूं-घूं आवाज करत होतं आणि दुसऱ्या दिवशी बायकोमुलांना घेऊन त्याला घाट उतरून गावी जायचं होतं. मिस्त्रींनी चाकाचं बेरिंग बदललं, त्याला वाटेला लावलं. मग आम्ही दोघं रे रोडला आठवड्याचं भंगार टाकून परतलो, तर टॅक्सी गॅरेजच्या दारात उभी.

"काका, चाक अजून तसंच रडतंय!"

"कंपनीचा मालच बोगस," मिस्त्रींनी ठोकून दिलं. पण चाक उघडून त्यांनी बेरिंग कानाशी धरून फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. टॅक्सीवाल्याला त्यांनी चहाला पिटाळलं. मला म्हणाले, "स्कूटर काढ. परत रे रोड."

झालं होतं असं. नवं बेरिंग कंपनीच्या ग्रीसने माखलेलं येतं, दिसायला अगदी मळकट. आणि मिस्त्रींनी आंघोळ घातलेलं जुनं नुसतं लखलखत होतं. लखलखणारं परत चाकात गेलं आणि मळकट भंगारात.

"पण तुम्हाला कळलं कसं नाही?" मी स्कूटरवर विचारलं.

"दिसत नाही रे मला. चार वर्षं होत आली. चमक तेवढी कळते. चमकलं ते नवं, असं धरून चाललो. हाताला विचारायचं राहून गेलं."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

मला संताप आला. त्या घाटात एक अख्खं कुटुंब उतरणार होतं. मी तसं बोललोही, फार वाईट बोललो.

भंगारवाल्याकडे बेरिंगचा ढीग गुडघाभर होता. मिस्त्री उकिडवे बसले, डोळे मिटले आणि ढिगात हात घातला. एकेक उचलायचे, बोटाने फिरवायचे, कानाशी न्यायचे, टाकायचे. बऱ्याच वेळाने एक त्यांनी टाकलं नाही.

"अरे, ये तो बिना नहाए आया था!" भंगारवाला खिदळला.

"इसीलिए वापस ले जा रहा हूं," मिस्त्री म्हणाले.

बेरिंग बसवून झाल्यावर त्यांनी टॅक्सीवाल्याला स्वतःहून सांगितलं, "कंपनीची चूक नाही. माझी आहे. मला दिसत नाही." मी त्याच्याबरोबर लालबागपर्यंत चक्कर मारून आलो, चाक गप्प होतं. परतलो तेव्हा मिस्त्री आपले पाने फडक्यात बांधत होते. मी ते गाठोडं हिसकावून माझ्या खणात टाकलं, कुलूप लावलं. "आधी डोळे करून या. मग बघू."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी आणखी दोन वर्षं काम केलं. ते जाऊन आता वर्ष होईल. पण मला ते आठवतात ते पट्टी सुटल्यावर काळा चष्मा लावून गॅरेजात आले त्या दिवशीचे. आल्या आल्या चष्मा वर करून भिंती पाहिल्या आणि ओरडले, "शी! ह्या घाणीत मी डबा खात होतो?" आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मग माझ्याकडे वळले. जवळ येऊन माझ्या पांढऱ्या झालेल्या कानशिलांवरून हात फिरवला.

"शेठ, तू म्हातारा झालास? आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही?"

त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायला हात वर गेले. डोळ्यांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.